पन्हळीत खडी साचते आणि पितळ वाहून जातं: दोष नेमका कुठं असतो

जुन्या वर्कशॉपची मागची जागा खणली की मुरूम आणि खडीबरोबर धातूही निघतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात पितळेचे आणि गनमेटलचे, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचे बुश (यंत्राच्या दांड्याभोवती बसणाऱ्या नळ्या) वर्षानुवर्षं लेथवर उतरले. त्यांची बोरिंग (कातताना निघणारा भुगा आणि छिलके), तुटके तुकडे, तांब्याच्या वायरी, वॉशर, शिशाचे गोळे हे सगळं अंगणातल्या खडीत पायाखाली रुतत गेलं. शेड पाडायची वेळ येते तेव्हा ही माती भंगारवाला काट्यावर घेत नाही आणि मालकाला ती टाकून देववत नाही. मग कोणीतरी सोनं शोधणाऱ्यांची पन्हळ बघतो, म्हणजे उतरता उघडा पाट, ज्यात वाहतं पाणी हलकी वाळू-खडी पुढं नेतं आणि जड धातू तळाच्या आडव्या पट्ट्यांमागं थांबतो, दाराचा जुना पत्रा वाकवून तशीच आठ फुटी पन्हळ बनवतो, तळाला पायपुसणं आणि त्यावर आडव्या पट्ट्या बसवतो, अर्ध्या एचपीची मोटर जोडतो आणि कामाला लागतो. पहिली पाच-दहा घमेली झकास निघतात. त्यानंतर एकच तक्रार सुरू होते: पट्ट्यांमागं खडी घट्ट बसते आणि पितळ शेवटच्या ढिगात सापडतं.

या तक्रारीवर बहुतेक जण उतार बदलतात. उतार वाढवला की खडी निघून जाते, पण तिच्याबरोबर पितळही जातं. कमी केला की दोन्ही जागच्या जागी थांबतात. मग पाणी वाढवायचं, मग पट्ट्या बदलायच्या. थोडा वेळ बरं चालतं आणि दुखणं परत येतं. माझं म्हणणं असं आहे की उताराला सगळ्यात शेवटी हात लावावा. ही पन्हळ सोन्यासाठी घडलेली आहे. आपला माल सोन्याहून तीन बाबतींत वेगळा आहे आणि परत परत येणारा दोष त्या तीन फरकांतच असतो.

पहिला फरक वजनाचा. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, पितळ साधारण ८.५ पट, आणि आपल्याकडची काळ्या दगडाची खडी २.९ पटीच्या आसपास. पाण्यात बुडालं की प्रत्येकाचं वजन पाण्याइतकं घटतं. म्हणजे खडीचे उरतात १.९, पितळेचे ७.५ आणि सोन्याचे १८.३. पाण्यात सोनं खडीला साडेनऊ पटीनं भारी पडतं, पितळ जेमतेम चार पटीनं. सोनं शोधणाऱ्याला जो निष्काळजीपणा परवडतो तो आपल्याला परवडत नाही.

दुसरा फरक प्रमाणाचा. सोन्याच्या पन्हळीत टनभर वाळूमागं चिमूटभर धातू येतो, म्हणून पट्ट्यांमागची जागा दिवसभर पुरते. वर्कशॉपच्या मातीत घमेल्याला मूठभर धातू असू शकतो. पट्ट्यांमागची जागा धातूनंच भरते, आणि एकदा भरली की मागून येणाऱ्या पितळेला थांबायला ठिकाणच उरत नाही. तिसरा फरक म्हणजे आपल्या मालात लोखंड आणि तेल असतं.

शेवटच्या ढिगाला विचारा

काहीही बदलण्याआधी पन्हळीच्या तोंडाशी पडलेल्या खडीतलं एक घमेलं बाजूला घ्या. दिवसाच्या सुरुवातीचं नको, काम तासभर चालल्यावरचं घ्या. ते दोन चाळण्यांतून काढा, एक साधारण १० मिलिमीटरची आणि एक ४ ची. तिन्ही वाटे वेगवेगळे ठेवून परातीत हातानं धुवा. परात पाण्याखाली धरून आधी जोरात हलवायची, म्हणजे जड माल तळाला बसतो. मग ती पुढं कलती करून वरचा दगड हळूहळू ओसरू द्यायचा. सोनारपेठेतला केर धुणाऱ्या झारेकऱ्यांचा हात ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही हालचाल सांगावी लागणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी मूठभर वाळूत चार पितळी वॉशर टाकून सराव करावा. परातीचा हात बसला नाही तर पन्हळीचा दोष कळणारच नाही, कारण काय निसटतंय ते दिसणार नाही.

आता परातीच्या तळाशी काय उरलंय ते नीट बघा. त्यावरून दोष ओळखता येतो. सगळ्या आकारांचे गोल, जाडसर तुकडे दिसले तर पन्हळ भरून गेली आहे किंवा पट्ट्यांमागचा माल आवळून बसला आहे. बारीक दाणेच निसटलेले दिसले आणि मोठे पन्हळीतच राहिले असतील तर चाळण नीट झालेली नाही. पातळ पापुद्रे आणि गुंडाळलेले छिलके असतील तर दाण्यांच्या चपट्या घडणीचा दोष आहे. परातीत पाणी ओतल्याबरोबर पितळेची चमचमती साय वर तरंगली तर तो तेलाचा दोष. मातीच्या गोळ्या फोडल्यावर आत धातू सापडला तर चिकणमाती नीट भिजलेली नाही. एकाच ढिगात यांतले दोन-तीन दोष एकत्र असतात आणि बहुतेकांचं तिथंच बिनसतं. एक दोष काढला, फरक पडला नाही, म्हणून केलेला बदल परत फिरवला जातो.

चाळल्याशिवाय धुऊ नका

वर सांगितलेल्या आकड्यांचा खरा अर्थ इथं लागतो. वाहत्या पाण्यात दोन मिलिमीटरचा पितळेचा दाणा आणि आठ मिलिमीटरचा खडीचा दाणा जवळजवळ एकाच वेगानं खाली बसतात. पाण्याला ते दोघं सारखेच. माल न चाळता टाकलात तर आठ मिलिमीटरची खडी हलवायला लागेल एवढं पाणी सोडावं लागतं आणि तेवढंच पाणी दोन मिलिमीटरचं पितळ उचलतं. उतार कितीही बदला, हे गणित बदलत नाही. सगळ्यात मोठा दाणा सगळ्यात लहान दाण्याच्या चार पटींच्या आतच असला पाहिजे. दुपटीवर आणलात तर काम फारच सोपं होतं.

माझी पद्धत अशी. २० मिलिमीटरच्या वरचं सगळं पन्हळीजवळ न्यायचंच नाही. ते पोत्यावर पसरायचं आणि डोळ्यांनी, हातांनी वेचायचं. तुटका बुश, व्हॉल्व्हचा तुकडा, नळाची तोटी ओळखायला पाणी लागत नाही. २० ते १० चा वाटा वेगळा, १० ते ५ चा वेगळा, ५ ते २ चा वेगळा, आणि दोनच्या खालचा वेगळ्या दिवशी. प्रत्येक वाट्याला पाणी वेगळं लावायचं. वाळू चाळायच्या उभ्या चाळणीवर पहिले दोन वाटे सहज होतात. बारीक वाट्यांसाठी चौकटीला जाळी ठोकून झोपाळ्यासारखी टांगलेली चाळण हाताला फार हलकी पडते. जाळी विकत घेताना भोकाचं माप पट्टीनं मोजून घ्या. दुकानात नंबर सांगतात, पण तारेची जाडी बदलली की भोकही बदलतं.

दोन मिलिमीटरच्या खालच्या वाट्याबद्दल एक गोष्ट. दाणा जसा बारीक होतो तसा चौपटीचा हा हिशेब आणखी आवळतो आणि अगदी पिठासारख्या मालात तो दुपटीवर येतो. म्हणून बारीक चुऱ्याला पाणी अगदी पातळ थरानं सोडावं लागतं आणि पट्ट्यांऐवजी नुसतं रेषांचं रबरी मॅटिंग, रेषा प्रवाहाला आडव्या येतील असं टाकलं तर ते जास्त धरतं. मऊ लूपचं पायपुसणंही चालतं. काथ्याचं टाळा, बोरिंगचे छिलके त्यात असे गुंततात की धुऊन निघत नाहीत.

लोखंड आधी, आणि कोरडं असताना

पट्ट्यांमागं माल आवळून बसतो त्याचं सगळ्यात मोठं कारण लोखंडाचा भुगा. लोखंड पाण्याच्या ७.८ पट जड, पितळेच्या अगदी जवळ. पन्हळीला ते वेगळं ओळखता येत नाही, ती दोघांना धरते. पितळापेक्षा लोखंडाचा चुरा जास्त असेल तर तुमची पन्हळ मुख्यतः लोखंड गोळा करते. त्यातही ओतीव लोखंडाची बोरिंग ओली राहिली की गंजून तिची ढेप होते आणि ती ढेप पितळेचे दाणे आतच बांधून ठेवते. अशा ढेपा आधी धुम्मसानं फोडून घ्याव्या लागतात.

म्हणून माती उन्हात पूर्ण वाळवायची आणि पाण्याचा थेंब लागण्याआधी चुंबक फिरवायचं. ओल्या मातीत लोखंडाचा भुगा सगळ्याला चिकटतो आणि चुंबकाबरोबर चिखल वर येतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरा. माल चिकटला की दुसऱ्या घमेल्यावर नेऊन पिशवी उलटी सोलायची, सगळं खाली पडतं. उघड्या चुंबकावरून भुगा खरवडत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.

इथं महाराष्ट्रातल्यांसाठी खास सांगण्यासारखी गोष्ट आहे. आपला काळा दगड लाव्ह्याचा, आणि त्यात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहखनिजं असतात. नवीन पद्धतीचं चांदीच्या रंगाचं जोरदार चुंबक लावलंत तर खडीचा बारीक कचसुद्धा त्याला येऊन चिकटतो. बघणाऱ्याला वाटतं लोखंड निघतंय, आणि तो तासन्‌तास दगडाची पूड वेचत बसतो. जुन्या स्पीकरचं काळं चुंबक या कामाला जास्त चांगलं. ते लोखंड उचलतं आणि कच बहुतेक सोडतं. जोरदार चुंबकच असेल तर ते मातीत बुडवू नका, दोन-तीन बोटं वर धरून फिरवा. उडी मारून चिकटतं ते लोखंड, आणि मातीतच थरथरतं तो दगड.

मेटल डिटेक्टर घेऊन जागा शोधणाऱ्यांनाही हाच दगड छळतो. काळ्या दगडाच्या खडीवर आणि कोकणातल्या तांबड्या जांभ्यावर साधं यंत्र सारखं कुरकुरत राहतं. जमिनीशी जुळवून घ्यायचं बटण असलेल्या यंत्रावर, मोकळ्या जागेत, जिथं धातू नाही याची खात्री आहे तिथं ते आधी जुळवून घ्या. मुळात वर्कशॉपच्या अंगणात डिटेक्टरचा फारसा उपयोग नाही, कारण तिथं सगळीकडंच धातू आहे. तिथं फावडं मारून नमुना घेणं आणि परातीत धुणं हीच खरी चाचणी.

चुंबकाला लागलेला ढीग लगेच भंगारात टाकू नका. लोखंडी टर्निंगच्या गुंत्यात पितळेचे छिलके अडकून येतात. तो ढीग पातळ पसरून चुंबक दुसऱ्यांदा फिरवा, खाली जे उरेल ते परत मालात टाका. स्टेनलेसचे तुकडे मात्र चुंबकाला बहुधा दाद देत नाहीत. ते पितळेबरोबर शेवटपर्यंत येतात आणि रंगावरून हातानंच वेचावे लागतात.

तेल आणि चिखल

लेथचं कूलंट आणि तेल पितळेच्या दाण्यावर पातळ थर धरतं. तेलकट दाण्याला पाणी भिजवत नाही, आणि दाणा बारीक किंवा चपटा असेल तर तो पाण्याच्या पृष्ठभागावरच थांबतो आणि सरळ वाहून जातो. आठपट जड धातू तरंगताना पाहून लोकांचा विश्वास बसत नाही, पण परातीत हे स्पष्ट दिसतं. वर फिरणाऱ्या सोनेरी सायीवर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. साय फाटते, दाणे किंचित थरथरतात आणि एकदम तळाला जातात. हे दिसलं की तुमच्या मालाला आधी साबण लागणार हे नक्की समजा.

ड्रममध्ये गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड घालून माल रात्रभर भिजत ठेवा. सकाळी ढवळून वरचं तेलकट पाणी पेंढ्यातून किंवा जुन्या गोधडीतून गाळून काढा. डिझेल किंवा पेट्रोलनं तेल काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय ते पाण्यात मिसळत नाही आणि पन्हळीतलं पाणीही तेलकट करून टाकतं. पन्हळीच्या पाण्यातही लिक्विडचे थोडे थेंब टाकत राहा. फेस होईल एवढे नकोत, फेसातही बारीक दाणे वर राहतात.

मुरमाच्या जागेत तेलापेक्षा चिकणमातीचा त्रास मोठा. नीट न भिजलेली माती पन्हळीत गोळ्या होऊन गडगडत जाते आणि जाताना पट्ट्यांमागं बसलेले दाणे स्वतःला चिकटवून घेऊन जाते. म्हणजे आधी पकडलेलं पितळही ती परत चोरते. यावर उपाय एकच, माती पन्हळीच्या आधी पूर्ण फुटली पाहिजे. काँक्रीटचा छोटा मिक्सर भाड्यानं मिळत असेल तर त्यात माती, पाणी आणि चार-पाच मोठे गोटे टाकून दहा मिनिटं फिरवा. मिक्सर नसेल तर ड्रममध्ये भिजवून फावड्यानं कालवा. बोटात घेतल्यावर गोळी राहता कामा नये. पावसाळ्यात हे काम करू नका असं मी सांगेन. ओली माती चाळली जात नाही, चुंबकाला दाद देत नाही आणि भिजवायलाही दुप्पट वेळ घेते.

आता उतार

एवढं सगळं झाल्यावर पन्हळ मांडा. सुरुवातीचा उतार फुटाला एक इंच, म्हणजे आठ फुटी पन्हळीला आठ इंच. आडवी लेव्हल पाण्याच्या नळीनं तपासा. एका बाजूला जरा जरी कलली असेल तर पाणी त्या बाजूनं पळतं, दुसऱ्या बाजूला खडी साचते, आणि तुम्ही उताराला दोष देत राहता. पन्हळीच्या फक्त एका कडेला खडी आवळलेली दिसली तर कारण हेच.

पाणी किती? त्या वाट्यातला सगळ्यात मोठा दगड पूर्ण बुडेल आणि पट्टीवरून टुणकन पलीकडं जाईल इतकं. प्रत्येक पट्टीच्या मागं पाण्याचा छोटा भोवरा दिसला पाहिजे, आणि त्यात बारीक कच सतत उकळल्यासारखा हलत असला पाहिजे. पाणी चालू असताना पट्टीमागच्या मालात बोट खुपसा. बोट सहज तळापर्यंत गेलं तर पन्हळ निरोगी आहे. बोटाला घट्ट लागलं तर माल आवळला आहे आणि वरून जाणाऱ्या पितळेला आत शिरायला वाट नाही. बोट गेलं पण मागं मालच नाही, तळ उघडा लागतोय, तर पाणी किंवा उतार जास्त आहे. बोटानं जे कळतं ते कोणत्याही मापानं इतकं पटकन कळत नाही. दर थोड्या वेळानं, वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्टीमागं अशी तीन ठिकाणी बोटं घालून बघायची सवय लावून घ्या. माल आवळला असेल तर आधी पाणी थोडं वाढवा, तरीही सुटला नाही तर उतार पाव-पाव इंचानं वाढवा. दोन्ही एकाच वेळी बदलू नका.

फावड्यानं ढीग ओतणं हाही मोठा दोष आहे. फावडंभर माल एकदम पडला की पाणी तुंबतं, पट्ट्या झाकल्या जातात, मग तुंबलेलं पाणी लोंढ्यानं सुटतं आणि पट्ट्यांमागचं सगळं उपसून नेतं. पन्हळीच्या डोक्याशी एक छोटं नरसाळं किंवा पत्र्याची उतरण बसवा आणि तिच्यावर माल ठेवून तो हळूहळू पाण्यातून सरकू द्या. दोन माणसं असतील तर एकानं फक्त माल सोडायचा, दुसऱ्यानं बाकी सगळं. मोटरचं पाणी थेट पन्हळीत सोडू नका, आधी बादलीत किंवा छोट्या हौदात पडू द्या आणि तिथून काठावरून वाहू द्या. दाब कमीजास्त झाला तरी पन्हळीतला प्रवाह सारखा राहतो.

आणि पन्हळ वेळेवर रिकामी करा. हे मी मुद्दाम इथं सांगतोय, कारण वर म्हटलेला प्रमाणाचा फरक इथं लागतो. सोनं शोधणारे दिवसाच्या शेवटी पायपुसणं धुतात. आपल्याला वरच्या दोन पट्ट्यांमागं पिवळं दिसू लागलं की थांबावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या पट्टीपर्यंत पितळ दिसत असेल तर उशीर झालाय. सुटी दोन पायपुसणी ठेवा, एक धुवायला जातं तेव्हा दुसरं आत असतं. काम थांबत नाही.

जिथं पन्हळ हे चुकीचं हत्यार आहे

दोन ते दहा मिलिमीटरच्या मालात धातू भरपूर असेल तर खरं सांगायचं तर पन्हळ सोडून द्यावी. तिथं पाण्यातली चाळण, म्हणजे जिग, हे काम जास्त नीट करते. बनवायलाही सोपी. जाड प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून तिथं दोन मिलिमीटरची स्टीलची जाळी पक्की बसवा. २०० लिटरचा ड्रम पाण्यानं भरा. बादलीत चार-सहा इंच माल घ्या, एका लांब दांड्याला टांगा, म्हणजे हातावर वजन येत नाही, आणि ड्रममध्ये वरखाली करा. खाली ढकलताना झटका द्यायचा, वर घेताना सावकाश. खाली जाताना पाणी जाळीतून वर घुसतं आणि सगळा माल क्षणभर सैल होतो. सैल झालेला दाणा पडायला सुरुवात करतो त्या पहिल्या क्षणाला त्याचा वेग आकारावर नाही, घनतेवर ठरतो. पितळ पुढं निघतं, दगड मागं राहतो. म्हणून झटका छोटा हवा, इंच-दीड इंचाचा, आणि लगेच पुढचा. मोठा झटका दिलात तर सगळं उलटसुलट होतं आणि पन्हळीसारखाच आकाराचा गोंधळ परत येतो.

वीस-तीस झटक्यांनंतर वरचा दगडाचा थर पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढा, नवा माल भरा, परत झटके द्या. तळाशी जाडसर थर जमला की बादली गोणपाटावर एकदम पालथी करायची. जे तळाशी होतं ते वर येतं. पिवळा, लालसर, करडा थर आणि त्याखाली काळी खडी, असा सरळ दिसेल. शिसं असेल तर ते पितळेच्याही खाली बसलेलं असतं, पालथं केल्यावर सगळ्यात वर. नखानं रेघ उठली की ते शिसं.

पातळ पापुद्र्यांचं मात्र जिगमध्येही जमत नाही. चपटा छिलका पाण्यात पानासारखा डोलत उतरतो. असा माल जास्त असेल तर तो आधी लाकडी ठोकळ्यानं किंवा धुम्मसानं चेचून घ्या. छिलके चेचले की गोळा होतात, दगड फुटून आणखी बारीक होतो, आणि मग चाळणीवरच बराच माल वेगळा पडतो.

अॅल्युमिनियमसाठी यातलं कुठलंच साधन वापरू नका. त्याची घनता २.७, खडीपेक्षाही थोडी कमी. पाण्याला ते दगडच वाटतं, आणि पातळ पत्रा असेल तर दगडाच्या आधी वाहून जातो. घरगुती पाण्यावर चालणारं कुठलंही यंत्र अॅल्युमिनियम काळ्या दगडातून काढू शकणार नाही. ते कोरडं असताना काळ्या रबरावर पसरून हातानं वेचायचं, आणि पन्हळीला लावण्याआधी वेचायचं.

बदल खरंच लागू पडला का

डोळ्यांवर विसंबू नका, कारण पन्हळीत जे दिसतं ते सापडलेलं असतं, निसटलेलं दिसत नाही. ज्या वाट्यावर काम करताय त्या मापाचे वीस-पंचवीस पितळी तुकडे घ्या, त्यांना लाल नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या आणि एका घमेल्यातल्या मालात मिसळून नेहमीसारखे पन्हळीतून सोडा. मग पन्हळ रिकामी करून लाल तुकडे मोजा आणि ते कितव्या पट्टीमागं सापडले तेही लिहून ठेवा. बहुतेक पहिल्या तीन-चार पट्ट्यांत मिळाले तर काम ठीक. सगळ्या लांबीवर विखुरले असतील तर आज ते सापडले असले तरी उद्या भर वाढल्यावर निसटणार. तुकडे गोल आणि चपटे असे दोन्ही प्रकारचे घ्या, नाहीतर चाचणी फसवी होते. कुठलाही बदल केल्यावर हे एकदा करा. उतार, पाणी, पायपुसणं यांतलं एकच बदलून.

पाण्याचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. लेथवर सोपं कटिंग व्हावं म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसं घालतात, गनमेटलमध्येही ते असू शकतं. म्हणजे धुण्याच्या पाण्यातला गाळ शिशाचा आहे असं धरूनच वागा. तीन ड्रम एकापुढं एक लावा, पाणी वरच्या काठावरून पुढच्या ड्रममध्ये जाऊ द्या आणि तिसऱ्यातलं निवळलेलं पाणी मोटरनं परत पन्हळीत घ्या. नाल्यात, बागेत, विहिरीजवळ सोडू नका. तळाचा गाळ वाळवून बंद पोत्यात ठेवा. कोरड्या मातीवर चुंबक फिरवताना तोंडाला चांगला मास्क हवा. कामाचे कपडे घरातल्या धुण्यात मिसळू नका, जेवणाआधी हात साबणानं धुवा, आणि मुलांना या जागेत फिरकू देऊ नका. जिथं बॅटऱ्या फोडल्या जात होत्या अशी जागा असेल तर ती माती हातात घेऊच नका. कितीही शिसं दिसलं तरी ते काम घरगुती पन्हळीचं नाही. तसंच बारीक दाणे पकडायला पारा वापरायचा सल्ला कोणी देत असेल तर तो कानाआड करा. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती शरीरात गेली की मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर घाला घालते.

निघालेला माल ताडपत्रीवर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, मधूनमधून उलथा. ओली बोरिंग भट्टीतल्या वितळलेल्या धातूत पडली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर उडतो. ओतणारे यात भाजले आहेत, म्हणून चांगला ओतणारा ओला माल दारात घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे. वाळल्यावर काळं चुंबक शेवटचं एकदा फिरवा. खरेदी करणारा पोत्यात हात घालून मूठभर माल काढतो, त्यावर चुंबक धरतो आणि जेवढं लोखंड चिकटेल त्याच्या हिशेबानं भाव पाडतो. तांबडं तांबं, पिवळं पितळ आणि गनमेटल ओळखता येतात तेवढे वेगळे ठेवा. मिसळलेल्या पोत्याला सगळ्यात स्वस्त धातूचा भाव मिळतो, आणि शिसं तर पितळेत राहूच देऊ नका, ते वेगळं काट्यावर जातं.